संत्र्याला भोक पाडणारा पतंग कसा ओळखावा



पोळा झाला, पावसाची झड ओसरली आणि आंबिया बहाराचं संत्रं हिरव्याचं पिवळसर व्हायला लागलं, म्हणजे बागायतदाराच्या डोळ्यांपुढे दसरा-दिवाळीचा व्यापारी उभा राहतो. नेमकी त्याच वेळी फळगळ सुरू होते. सकाळी बागेत जावं तर झाडाखाली पाच-दहा फळं पडलेली, दुसऱ्या दिवशी त्याच्या दुप्पट. जानेवारी-फेब्रुवारीत फूल आल्यापासून या फळासाठी ओलित केलं, खत घातलं, आणि टोपलीत पडायच्या आधी ते मातीत पडलं. फळगळीची कारणं पुष्कळ आहेत. त्यांतल्या एकाच कारणाबद्दल मी आज बोलणार आहे, आणि औषधापेक्षा ओळखीबद्दल जास्त बोलणार आहे. ओळख चुकली की पुढचा सगळा खर्च चुकतो, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

काही वर्षांपूर्वी काटोल भागातल्या एका बागेत गेलो होतो. बाग चांगली राखलेली, एका अंगाला टेकडी आणि टेकडीवर झुडपी जंगल. मालक म्हणाले, "साहेब, तीन फवारे झाले जी, पण गळ काही थांबत नाही. दुकानवाल्यानं फळमाशी सांगितली." झाडांना फळमाशीचे सापळे बांधले होते आणि सापळ्यांत माशाही होत्या. माशा सापडल्या, तेव्हा माशीच चोर, असा त्यांचा हिशेब. मी झाडावरची डाग पडलेली दहा फळं तोडायला सांगितली आणि तिथंच चाकूनं कापली. एकाही फळात अळी नव्हती. मी विचारलं, "भाऊ, रात्री कधी आलात का बागेत?" ते म्हणाले, "रात्री काहून येऊ जी? साप-किरडूचं भेव."

त्या रात्री जेवण आटोपून नऊच्या सुमारास आम्ही दोघं बॅटऱ्या घेऊन बागेत शिरलो. पायात गमबूट, हातात काठी. तिसऱ्या-चौथ्या झाडावर उजेड टाकला तर पानांत निखाऱ्यासारखे दोन ठिपके चमकले. जवळ जाऊन पाहिलं तर फळावर एक भला मोठा पतंग सोंड खुपसून बसलेला. पुढच्या झाडावर आणखी एक. टेकडीच्या बाजूच्या ओळींत ते जास्त होते, विहिरीकडे कमी होत गेले. मालक थोडा वेळ गप्प उभे राहिले, मग म्हणाले, "म्हणजे मी दिवसा फवारतो अन् हा रात्री येतो."

अगदी तेच. याला आपण रसशोषक पतंग म्हणतो. संत्रा आणि मोसंबी ही त्याची आवडती फळं. डाळिंब, पेरू, द्राक्ष, आंबा, पपई, एवढंच काय पण टोमॅटोसुद्धा तो सोडत नाही. आंबिया बहाराला ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात त्याचा त्रास सर्वांत जास्त होतो, आणि डोंगराला, नाल्याला, रानाला लागून असलेल्या बागा आधी सापडतात.

प्रथम फळ पाहू, कारण पतंग पाहायला रात्र लागते, फळ मात्र दिवसाही बोलतं. पतंगानं सोंड खुपसलेल्या जागी टाचणीच्या टोकाएवढं भोक असतं, ते पहिल्या दिवशी दिसतही नाही. फळ हातात घेऊन हलकेच दाबा. भोक असेल तर रसाची बारीक चिळकांडी उडते किंवा थेंब वर येतो. दोन-तीन दिवसांत भोकाभोवती पिवळसर-तपकिरी गोल डाग पडतो आणि तिथली साल मऊ लागते. त्या भोकातून बुरशी आणि जंतू आत जातात, फळ कुजतं आणि गळतं. तिथं कापून पाहिलं तर सालीखालच्या फोडी रस ओढून घेतल्यामुळे कोरड्या, स्पंजासारख्या झालेल्या दिसतात. अळी नसते.

फळमाशीचं काम वेगळं. तीही सालीला बारीक छिद्र पाडते, पण रस पिण्यासाठी नाही, अंडी घालण्यासाठी. म्हणून थोड्या दिवसांनी फळ कापलं की गरात पांढुरक्या, बिनपायाच्या, वळवळणाऱ्या अळ्या सापडतात. तेव्हा साधा नियम धरा: अळी असेल तर माशी, अळी नसेल आणि फोडी कोरड्या असतील तर पतंग. फक्त एक खबरदारी घ्या. ही परीक्षा झाडावरच्या ताज्या डागाच्या फळावर करा. चार दिवस जमिनीवर पडून आंबलेल्या फळावर चिलटं बसतात आणि त्यांच्याही बारीक अळ्या होतात. त्या पाहून पुष्कळ जण फसतात.

तिसरा प्रकार तपकिरी कुजीचा. झडीच्या पावसात जमिनीवरचं पाणी उडून खालच्या फांद्यांची फळं तपकिरी, चामड्यासारखी होतात आणि गळतात. त्यांवर टाचणीचं भोक नसतं आणि रोग जमिनीलगत जास्त असतो. ही बुरशी आहे, तिला पतंगाचा उपाय लागू पडत नाही.

आता मुख्य आरोपीकडे वळू. पंख पसरले तर हा पतंग तीन ते चार इंच भरतो. अंग जाड, केसाळ. बसला म्हणजे पुढचे पंख कौलारू छपरासारखे अंगावर मिटतो, आणि मग तो वाळक्या पानासारखा दिसतो, इतका की दिवसा पाचोळ्यात किंवा झुडपात बसलेला पतंग हाताजवळ असूनही दिसत नाही. पुढच्या पंखाचा रंग तपकिरी, कधी जांभळट, कधी हिरवट झाक मारणारा, त्यावर शिरांसारख्या रेषा. पंखाचं टोक पानाच्या टोकासारखं निमुळतं. तोंडापुढे चोचीसारखा टोकदार भाग आलेला असतो.

पण पुढच्या पंखावरून निकाल देऊ नका. त्याचा रंग नराचा वेगळा, मादीचा वेगळा, आणि एकाच जातीतही कमी-जास्त असतो. खरी खूण मागच्या पंखावर आहे. पुढचा पंख बोटानं अलगद बाजूला सरकवा. खाली झेंडूच्या फुलासारखा नारिंगी-पिवळा पंख उघडतो, त्याच्या बाहेरच्या कडेला काळा पट्टा असतो आणि पंखाच्या मध्यावर एक ठसठशीत काळी खूण असते. तपकिरी पानाखाली झेंडू आणि झेंडूवर काळी खूण, एवढं लक्षात ठेवलंत तरी पुरे.

आपल्याकडे या गटातल्या दोन जाती विशेष भेटतात. एकीच्या मागच्या पंखावरची काळी खूण वाटोळी, कुंकवाच्या टिकलीसारखी असते. दुसरीची खूण वाकलेली असते, स्वल्पविरामासारखी किंवा काजूच्या बीसारखी. शास्त्रज्ञ पहिलीला युडोसिमा मटेर्ना म्हणतात आणि दुसरीला युडोसिमा फुलोनिया. दुसरीचं नाव अलीकडे फॅलोनिया असंही लिहितात. जुन्या पुस्तकांत दोघींच्या नावाआधी ओथ्रेइस असा शब्द सापडेल, तेव्हा गोंधळू नका, किडे तेच आहेत. खरं सांगायचं तर हा टिकली-काजूचा भेद तुम्हाला नाही जमला तरी काही बिघडत नाही. दोघी एकाच प्रकारच्या वेलींवर वाढतात, एकाच वेळी बागेत येतात आणि दोघींचा बंदोबस्तही एकच आहे.

बिघडतं ते दुसऱ्या जागी. रात्री बागेत बॅटरी घेऊन गेलात तर फळांवर नाना तऱ्हेचे पतंग दिसतील, आणि ते सगळे चोर नसतात. हे समजायला सोंडेची गोष्ट सांगतो. बहुतेक पतंगांची सोंड मऊ नळीसारखी असते. ती फुलातला मध ओढू शकते, संत्र्याची साल फोडू शकत नाही. या पतंगाची सोंड मात्र सुमारे एक इंच लांब, टोकाला कठीण, आणि टोकावर दात व उलटे काटे असलेली. सुतार गिरमिट फिरवतो तशी ती तो सालीत घुसवतो. चार्ल्स डार्विन यांचे चिरंजीव फ्रान्सिस डार्विन यांनी १८७५ साली या सोंडेच्या रचनेवर लेख लिहिला होता, इतकी ती विद्वानांना नवलाची वाटली. तेव्हा भोक पाडणारा एक आणि त्याच भोकावर नंतर येऊन पिणारे चार, असा प्रकार असतो.

त्या चारांतला नेहमीचा म्हणजे एरंडीवरच्या उंटअळीचा पतंग. आकारानं लहान, पंख पसरून दोन-अडीच इंच, रंग राखी-तपकिरी. त्याचाही मागचा पंख पाहा. नारिंगी नाही, काळा असतो, मध्ये पांढरा पट्टा आणि कडेला पांढरे ठिपके. पिकून मऊ झालेल्या फळाला हाही त्रास देतो, पण घट्ट सालीच्या संत्र्यावर तो बहुधा दुसऱ्यानं पाडलेल्या भोकात सोंड घालतो. धुऱ्यावर एरंडी असली की हा हटकून असतो.

दुसरा घुबडडोळ्या. हे नाव माझं, पुस्तकातलं नव्हे. गडद तपकिरी मोठा पतंग, आणि त्याच्या पुढच्या पंखावर डोळ्यासारखं वाटोळं चक्र. रात्री अचानक उडाला की माणूस दचकतो. डोळा पुढच्या पंखावर आणि नारिंगी रंग कुठंच नाही, एवढ्यावर तो वेगळा काढता येतो. तोही फुटलेल्या, आंबलेल्या फळाचा गिऱ्हाईक.

नारिंगी रंगावरून फसवणारे दोघे आहेत. उंबरावर वाढणारा एक पतंग आहे. त्याचा मागचा पंख पिवळा-नारिंगी असतो खरा, पण त्यावर एक मोठी खूण नसते, बरेच काळे ठिपके विखुरलेले असतात. शिवाय तो आपल्या पतंगापेक्षा बराच लहान, आणि त्याच्या पुढच्या पंखाच्या बुडाशीच नारिंगी रंग असतो, तो बसलेला असतानाही दिसतो. आपला पतंग बसला की नारिंगी रंग पूर्ण झाकून घेतो.

दुसरा फसवा म्हणजे तिळावरच्या मोठ्या शिंगवाल्या अळीचा पतंग. हा अंगानं दांडगा, मागचे पंख पिवळे, पण त्यांवर आडवे काळे पट्टे, पोटावरही पिवळे-काळे पट्टे, आणि पाठीवर कवटीसारखं चित्र. हातात धरला तर उंदरासारखा चीं-चीं आवाज करतो. लोक याला अपशकुनी मानतात. तसं काही नाही. तो मधाचा चोर आहे, मधमाश्यांच्या पोळ्यात शिरतो. संत्र्याच्या गळीत त्याचा हात नाही. तिळाच्या शेतात मात्र त्याच्या अळीकडे लक्ष द्या.

आता एक गोष्ट, जी बागायतदारांना सहसा कुणी सांगत नाही. पुष्कळ जण बागेत प्रकाश सापळा लावतात, सकाळी घमेलंभर पतंग पाहून समाधान मानतात आणि गळ चालूच राहते. रसशोषक पतंग दिव्याकडे फारसा येत नाही, त्याला फळाचा वास ओढतो. सापळ्यात मेलेले पतंग बहुधा दुसरेच असतात. म्हणून सापळ्यातला ढीग मोजू नका. ढिगातले मागचे पंख उघडून पाहा, नारिंगी किती निघतात ते मोजा.

आता हा येतो कुठून, ते पाहू. काटोलच्या त्या बागेत तीन फवारे वाया का गेले, याचं उत्तर यातच आहे. या पतंगाची अळी संत्र्याच्या झाडावर नसतेच. संत्र्याचं पान ती खात नाही. मादी अंडी घालते ती रानातल्या वेलींवर, मुख्यतः गुळवेल आणि वासनवेल यांवर. अंडी तीन-चार दिवसांत फुटतात, अळी दोन-तीन आठवडे त्या वेलीची पानं खाते, मग पानं गुंडाळून किंवा पाचोळ्यात कोष करते, आणि कोषातून पतंग निघाला की रात्री तुमच्या बागेत जेवायला येतो. राहणं रानात, जेवण बागेत. झाडावर दिवसा फवारलेलं औषध अळीला लागत नाही, कारण ती तिथं नाही. पतंगालाही फारसं लागत नाही, कारण तो सालीवरचं खात नाही, सालीच्या आतलं पितो. आणि काढणीच्या तोंडावर फळावर विष मात्र बसतं.

तेव्हा दिवसा बागेत फवारा घेऊन फिरण्यापेक्षा धुऱ्यावर, कुंपणावर, निंबाच्या झाडावर चढलेल्या वेली पाहत फिरा. गुळवेलीचं पान हृदयाच्या आकाराचं, गुळगुळीत, आणि खोडावरून दोऱ्यासारखी मुळं खाली लोंबतात. वासनवेल बारीक, लवदार, कुंपणाच्या काट्यांत गुंतलेली असते, काही ठिकाणी तिला पाताळगरुडी म्हणतात. पानं कुरतडलेली दिसली की पान उलटून बघा.

अळी ओळखायला सोपी आहे. वाढ पूर्ण झाली म्हणजे बोटाएवढी, मखमली काळपट-तपकिरी, कधी हिरवट. पुढच्या भागात दोन्ही अंगांना डोळ्यांसारखे मोठे वाटोळे ठिपके, एकेका बाजूला दोन. शेपटीजवळ उंचवटा. हात लावला की डोकं खाली मुडपून, पाठ वाकवून, ते खोटे डोळे पुढे करते आणि लहानशा सापाचा आव आणते. घाबरू नका, ती चावत नाही. अळूवर, तिळावर सापडणाऱ्या मोठ्या अळ्यांपैकी काहींवरही डोळे असतात, पण त्यांच्या शेपटीवर शिंग असतं. हिला शिंग नाही, उंचवटा आहे, आणि ती सापडेल ती गुळवेलीवर किंवा वासनवेलीवर.

इथं मला थोडं थांबून बोललं पाहिजे. जुनी शिफारस अशी की बागेभोवतालच्या या वेली मुळासकट काढून टाकाव्यात. बागेला अगदी लागून वासनवेल असेल तर जरूर काढा. पण गुळवेल औषधी आहे, घरोघरी लागते. २०२० साली करोनाच्या साथीत काढ्यासाठी तिला फार मागणी आली आणि पुष्कळांनी ती कुंपणाला मुद्दाम लावली. ती तोडा असं मी सांगितलं तर घरातली म्हातारी माणसं मला बागेत पाय ठेवू देणार नाहीत. आणि टेकडीवरचं रान साफ करणं आपल्या हातातही नाही आणि करूही नये. म्हणून माझा सल्ला असा: बांधावरची गुळवेल ठेवायची असेल तर ठेवा, पण जुलैपासून आठवड्यातून एकदा तिची पानं उलटून पाहा आणि अळ्या वेचून साबणाच्या पाण्यात टाका. घरातली मुलं हे काम आवडीनं करतात. पाहणी जमणार नसेल, तर मात्र बागेजवळ गुळवेल ठेवू नका.

बागेतल्या कामात पहिलं काम पडलेली फळं उचलण्याचं. रोज सकाळी, एक दिवसही न चुकता. आंबलेल्या फळाचा वास म्हणजे पतंगाला आवतण. ती फळं धुऱ्यावर फेकू नका, दोन फूट खोल खड्डा करून पुरा. हे काम बहुतेक घरी बायाच करतात, तेव्हा भगिनींनो, डाग पडलेलं फळ झाडावर दिसलं तर तेही उतरवा.

दुसरं, संध्याकाळी दिवेलागणीपासून बागेत ठिकठिकाणी निंबाचा ओला-वाळका पाला जाळून धूर करा. धुरानं फळाचा वास दबतो आणि पतंग बिचकतो. वारा असला की याचा उपयोग कमी होतो, हेही खरं. रात्री आठ ते अकरा हा पतंगांचा मुख्य वेळ. त्या वेळात दोघांनी मिळून बॅटरी घेऊन फिरावं आणि फळावर बसलेले पतंग हातजाळीनं धरून मारावेत. सोंड सालीत असली की तो लवकर उडत नाही. लहान बागेत चार-पाच रात्री हे केलं तर फरक पडतो. मोठ्या बागेत टेकडीच्या बाजूच्या ओळींवर जोर द्या.

आमिष ठेवायचं तर गुळाचं पाणी आणि आंबलेल्या संत्र्याचा रस पसरट भांड्यांत घालून झाडांत टांगतात. त्यात कीटकनाशक कोणतं आणि किती, हे त्या वर्षीच्या कृषी विद्यापीठाच्या शिफारशीप्रमाणे आणि डब्यावरची चिठ्ठी वाचूनच ठरवा. औषधं बदलतात, काही बंद होतात, म्हणून मी इथं प्रमाण सांगत नाही. भांडं गुराढोरांच्या, पोरांच्या आणि मधमाश्यांच्या वाटेवर नको, आणि सकाळी झाकून ठेवा. डाळिंब-पेरूच्या थोड्या झाडांना फळावर कागदी पिशवी बांधणं हा सर्वांत खात्रीचा उपाय आहे. संत्र्याच्या शेकडो झाडांना तो परवडत नाही, पण घराजवळच्या चार झाडांना करून पाहायला हरकत नाही.

काटोलच्या त्या मालकांनी चौथा फवारा घेतला नाही. उरलेल्या दिवसांत धूर, रात्रीची फेरी आणि पडलेली फळं पुरणं एवढंच केलं. गळ पूर्ण थांबली असं म्हणणार नाही, पण टेकडीकडच्या ओळींत हाताला लागतील इतकी फळं राहिली, आणि पुढच्या वर्षी त्यांनी जुलैतच धुऱ्यावरची वासनवेल काढली.

तुमच्या बागेतला पतंग कोणता, याची शंका असेल तर दोन-तीन पतंग धरा, मेल्यावर ओले असतानाच त्यांचे पंख पसरून, मागचे पंख दिसतील असे, पुठ्ठ्यावर टाचणीनं लावा आणि सावलीत सुकवा. काडीपेटी त्यांना लहान पडते, बुटाचं किंवा मिठाईचं खोकं घ्या. सोबत डागाचं ताजं फळ एका कागदी पिशवीत ठेवा. दोन्ही घेऊन जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात जा, नागपूरकडच्यांनी लिंबूवर्गीय फळांच्या संशोधन संस्थेत नेलं तरी चालेल. पतंग कोणत्या तारखेला, किती वाजता आणि कोणत्या बाजूच्या ओळीत धरला, ते खोक्यावर लिहायला विसरू नका.